स्वच्छ रस्त्याचा सडा

काळ्या पोशाखातले एक गृहस्थ रस्त्याच्या मधोमध आले. कमरेत वाकून त्यांनी डांबराकडे निरखून पाहिलं, बरोबरच्या मंडळींशी काहीतरी कुजबुजले, आणि मग ध्वनिक्षेपकावरून जाहीर झालं की रस्ता घाण आहे. असल्या रस्त्यावरून मिरवणूक जायची नाही. आधी धुवा.

रस्ता इतका स्वच्छ होता की पापड वाळत घालावेत.

"रस्तो तर लख्ख आसा," आई म्हणाली. "मगे धुतत कित्याक?"

मी उत्तर देईपर्यंत बाप्ये धावत आले. खांद्यावर आडवी कावड, तिच्या दोन्ही टोकांना बादल्या. आपल्याकडे देवाला पाणी नेतात तशीच कावड, फक्त रंगवलेली. बादल्या भसाभस रिकाम्या झाल्या आणि मागून खराटे घेऊन बायका, पुरुष, मुलं, एक जवळजवळ ऐंशीच्या घरातली आजी, सगळे रस्ता घासू लागले. पायांत लाकडी बूट. डांबरावर त्यांचा असा काही खटखटाट की आमच्या बाजूच्या बाळानं रडणं थांबवून तिकडं मान वळवली. एका मुलीनं मुद्दाम खराटा जरा जास्तच जोरात मारला आणि पाण्याची सपकन धार आमच्या पायांवर आली. लोक हसले. आईनं साडीचा काठ वर धरला, पण मागे सरकली नाही.

"सडो घालतत," ती म्हणाली, आणि तिच्यापुरता प्रश्न मिटला.

हे गाव पेला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आम्ही राहतो त्या डे मॉइनपासून गाडीनं पाऊण तासावर. वस्ती दहा-अकरा हजार, म्हणजे आमच्या वेंगुर्ल्याएवढंच. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी इथं 'ट्युलिप टाइम' सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. या तीन दिवसांत गावातले लोक डच होतात. एरवी ते मका-सोयाबीन पिकवतात, खिडक्या नि शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांत कामाला जातात, आणि आयोवातल्या कुठल्याही गावातल्या माणसांसारखे हवामानावर बोलतात.

मी आयोवात नऊ वर्षं आहे आणि इतक्या वर्षांत हा उत्सव बघायला गेले नव्हते. कारण अगदी साधं, मला ते सगळं खोटं वाटायचं. इथल्या बँकेला, दुकानांना, अगदी पेट्रोल पंपालासुद्धा डच घरांसारखं पायऱ्यापायऱ्यांचं कपाळ लावलेलं असतं. आत तीच बँक आणि तेच पेट्रोल. चौकाजवळ एक छोटा कालवा आहे, त्यावर उचलायचा पूल आहे, आणि त्या कालव्यातून कुठलीही होडी कुठंही जात नाही. मी हे पूर्वी एकदा येताजाता पाहिलं होतं आणि मनात 'सिनेमाचा सेट' असा शिक्का मारून मोकळी झाले होते. यंदा आई सहा महिन्यांसाठी आली होती. मार्चमधल्या बर्फानं ती कंटाळून गेलेली, आणि तिला फुलं बघायची होती.

आणि फुलं नव्हती.

म्हणजे होती, पण गळत आलेली. ट्युलिपला तारखा कळत नाहीत. थंडीनं रेंगाळायचं ठरवलं तर उत्सवाच्या दिवशी कळ्या मिटलेल्या, आणि एप्रिलमध्येच उकडायला लागलं तर मे उजाडेपर्यंत पाकळ्या जमिनीवर. आम्ही गेलो त्या वर्षी उकडलं होतं. चौकातल्या बागेत वाफेच्या वाफे नुसते हिरवे देठ उभे. प्रत्येकाच्या टोकाला बीजकोशाची बारीक बोंडी, खाली लाल-पिवळा सडा. सावलीत लावलेल्या थोड्या फुलांनी तेवढा दम धरला होता. त्यांच्यापुढं फोटो काढायला रांग, शिस्तीत, पर्यटनस्थळी असते तशी.

माझ्या लेकीचा चेहरा पडला. ती नऊ वर्षांची आहे आणि जाहिरातीत दाखवलेलं न मिळणं हा तिच्या लेखी गुन्हा असतो. मीही मनात म्हटलं, झालं, खोट्या गावात खरी फुलं होती तीही गेली. बाजूला डच टोपी घातलेल्या स्वयंसेवक बाई होत्या. मी त्यांना जरा कुत्सितपणेच विचारलं असेन की फुलांशिवाय फुलांचा उत्सव कसा काय करता. त्या अजिबात शरमल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या वर्षी तर एकही नव्हतं.

ही गोष्ट मला माहीत नव्हती. 1935 साली इथल्या हायस्कूलच्या मुलांनी पेलातल्या ट्युलिपांवर एक संगीतिका बसवली. ती लोकांना इतकी आवडली की व्यापारी मंडळींच्या डोक्यात आलं, गावाचाच एक उत्सव करू या. मंदीचे दिवस, गिऱ्हाईक हवंच होतं. अडचण एवढीच की गावात ट्युलिप नव्हते. ट्युलिपचा कंद लावायचा शरद ऋतूत. त्याला बारा-पंधरा आठवडे जमिनीत गारठून काढावे लागतात, तेव्हा कुठे तो वसंतात उगवतो. आज मनात आलं आणि उद्या फुललं असं ते काम नाही. मग गावातल्या एका सुतारानं चार-चार फूट उंचीचे सव्वाशे लाकडी ट्युलिप करून दिले. ते रंगवले, रस्त्याकडेला रोवले, आणि उत्सव साजरा झाला. खरे कंद मग त्या शरदात जमिनीत गेले.

मी त्या उघड्याबोडक्या देठांकडे पुन्हा एकदा पाहिलं. खोटेपणाचा माझा आक्षेप जागच्या जागी होता, फक्त आता त्याला टेकायला भिंत उरली नव्हती. ज्या गावानं पहिली फुलंच लाकडाची लावली आणि ते लपवलंही नाही, त्याला 'खोटं' म्हणून काय मिळवायचं?

तसं पाहिलं तर ट्युलिप तरी कुठं हॉलंडचा आहे? तो मध्य आशियातल्या डोंगरांवरचा. तुर्कांनी त्याला बागेत आणलं, आणि युरोपातलं त्याचं नावही पागोट्याच्या तुर्की शब्दावरून आलं असं सांगतात. क्लुझियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ 1593 मध्ये लायडनच्या विद्यापीठात आला आणि तिथल्या बागेत त्यानं ट्युलिप लावले, तिथून पुढं हॉलंडचं वेड सुरू. पुढच्या चाळीसेक वर्षांत कंदांचा सट्टा होऊन 1637 मध्ये भाव कोसळलेसुद्धा. म्हणजे मुळात पाहुणा, पण आता त्याच्यावाचून डच माणसाचं चित्र पुरं होत नाही. आमच्याकडे काजूचं हेच झालं. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं झाड, आणि आज वेंगुर्ल्यात कुणाला सांगून बघा की काजू तुमचा नाही. जिवंत परत येण्याची हमी मी देणार नाही.

पेलाची मूळ माणसं मात्र खरीखुरी हॉलंडहून आली, आणि ती फुलांसाठी आली नव्हती. हेन्ड्रिक स्कोल्टे नावाचा धर्मोपदेशक त्यांचा पुढारी. 1834 साली तिथल्या सरकारमान्य चर्चमधून एक गट फुटून निघाला, त्यात हा होता. परवानगीवाचून वीसपेक्षा जास्त माणसं प्रार्थनेला जमली की दंड, कधी तुरुंग. त्यात 1845 पासून बटाट्यावर रोग पडला आणि गरिबाच्या पोटावरच पाय आला. 1847 मध्ये सुमारे आठशे माणसं चार जहाजांतून बाल्टिमोरला उतरली आणि नद्या-कालव्यांतून, वाफेच्या बोटींतून, शेवटी बैलगाड्यांनी ऑगस्टमध्ये या गवताळ माळावर पोचली. आयोवा राज्य होऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. गावाला नाव दिलं पेला, म्हणजे येशूच्या अनुयायांनी पूर्वी जेरुसलेमहून पळून जिथं आसरा घेतला ते शहर. घरं बांधायला वेळ नव्हता. जमीन खणून त्यावर गवताचं छप्पर घालून बरेच जण त्या हिवाळ्यात राहिले. गवताचं गाव, असंच त्याला म्हणत.

आसऱ्याच्या गोष्टीत एक बाजू नेहमी गाळलेली असते. हा माळ मोकळा का होता? तर सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांना 1842 च्या तहानं आयोवातली उरलीसुरली जमीन सोडायला लावली होती, आणि 1845 च्या ऑक्टोबरात त्यांची मुदत संपली. मध्ये जेमतेम दोन वर्षं. मेस्क्वाकी पुढं परतले आणि 1857 मध्ये आपल्याच मुलखात पैसे मोजून जमीन विकत घेतली. आजही ते टामा तालुक्यात त्या जमिनीवर आहेत. मिरवणुकीत हे नव्हतं. असावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. कुठल्याच गावाच्या जत्रेत नसतं.

स्कोल्टेचं घर चौकासमोरच आहे. पण मला त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोत रस होता. मारिया ही दुसरी बायको, शहरात वाढलेली, फ्रेंच चालीरीतींची हौस असलेली. नवऱ्यानं वचन दिलं होतं की तिकडेही तुला चांगलं घर बांधून देईन, आणि बांधलंही, भरपूर खोल्यांचं. तिच्याबरोबर डेल्फ्टची निळी-पांढरी चिनी मातीची भांडी होती. प्रवासानंतर खोके उघडले तर बहुतेक सगळी फुटलेली. सांगतात की तिनं ते तुकडे टाकले नाहीत, घरापुढच्या पायवाटेत बसवले. गावातल्या मोठ्या घड्याळात ठरावीक वेळांना बाहुल्या फिरतात, त्यांत फुटक्या भांड्यांवर रडणारी तीसुद्धा आहे. ती रडते, मग दार बंद होतं. पुढच्या खेपेला पुन्हा रडते.

आईला ती बाहुली फार लागली. लग्न होऊन वेंगुर्ल्यात येताना तिच्या माहेरच्या लोणच्याच्या चिनी बरण्यांपैकी एक फुटली होती, ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिथं उभ्याउभ्या ती पुन्हा ऐकली. लेकीनं पहिल्यांदा.

मग मिरवणूक. त्याबद्दल फार लिहीत नाही. शाळांचे बँड, ट्रॅक्टरनं ओढलेले रथ, ट्युलिपची राणी आणि तिच्या सख्या, चीजचे गोल गड्डे वाहणारी माणसं. पण कपडे! आई चाळीस वर्षं शिवणकाम करत आली. वेंगुर्ल्यात अर्ध्या आळीच्या परकर-पोलक्यांना तिचा हात लागलेला. ती मिरवणूक बघतच नव्हती, ती शिलाई बघत होती. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी घागऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांचा, जाड विणीचा एप्रन बांधला होता. आईनं बोटानं विचारलं, हात लावू? त्यांनी आनंदानं तो उलटा करून दाखवला. आतली बाजू बाहेरच्याइतकीच नीट. चुण्या हातानं घातलेल्या, एकेक टाका मोजून. डोक्यावर पांढरी जाळीदार टोपी, दोन्ही कानांवर टोकं वर वळलेली. फोलंडाम या मासेमारीच्या गावची ती पद्धत, असं त्या म्हणाल्या. इथं प्रत्येक पोशाख कुठल्या ना कुठल्या डच गावाचा किंवा प्रांताचा असतो, आणि तो चुकवलेला चालत नाही. ज्यांचे पूर्वज कुठल्या भागातून आले ते आता नीट सांगता येत नाही, तेही एक प्रांत धरतात आणि त्याला जागतात.

"खळ घातल्याशिवाय अशी उभी रवाची नाय ही टोपी," आई मला म्हणाली. मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, हो, खळच, आणि नंतर इस्त्री, आणि तिला तासभर लागतो, आणि सून करत नाही. हे शेवटचं वाक्य भाषांतराशिवायच आईला समजलं.

मी त्या बाईंना विचारलं, तुम्हाला डच येतं का. त्या हसल्या. आजीला येत होतं. मला मोजायला येतं, एक-दोन प्रार्थना येतात, आणि आजी रागावली की जे म्हणायची ते येतं. तेवढंच.

हे घरोघर असंच झालं, आणि ते आपोआप झालेलं नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध वातावरण तापलेलं असताना, 1918 च्या मे महिन्यात, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी एक फर्मान काढलं. शाळेत, चर्चमध्ये, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत आणि टेलिफोनवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. रोख जर्मनवर होता, पण भरडले सगळेच: डच, डेन्स, नॉर्वेजियन, चेक. ज्यांना इंग्रजी प्रवचन समजत नाही त्यांनी काय करावं, तर घरी करावी प्रार्थना. टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल काही बायकांना दंड भरावा लागला. ते फर्मान काही महिन्यांतच, युद्धाबरोबर, विरलं. पण आयांनी घेतलेला धसका तेवढ्यात जात नाही. मुलांशी इंग्रजी बोललेलं बरं, हे एकदा घरात शिरलं की ते काढायला फर्मान लागत नाही आणि घालायलाही लागत नाही.

1918 नंतर 1935. मध्ये फक्त सतरा वर्षं. मला कुणी विचारलं तर मी या दोन तारखा शेजारी ठेवीन. भाषा धोक्याची ठरली होती. मग फुलं, टोप्या, खराटे, लाकडी बूट आणि बदामाची मिठाई, ज्यानं कुणाला भीती वाटणार नाही असं सगळं जपलं गेलं. परक्याला पाहायला छान वाटतं तेवढं टिकलं, आणि परक्याला कळत नाही ते गेलं. हा इतिहासाचा सिद्धांत नाही. खुर्चीवर बसून, पाय ओले असताना, मनात आलेली गोष्ट आहे.

आणि मला कुठल्या तोंडानं कुणाला नावं ठेवायची? मी वेंगुर्ल्याहून पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी वर्गात "खय" म्हणाले आणि चार पोरी हसल्या. वाईट मनानं नाही हसल्या. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत माझी मालवणी गेलेली होती, निदान बाहेर जायची तरी. मला कुठल्या गव्हर्नरानं सांगितलं नव्हतं. आज मी नवऱ्याशी पुस्तकातलं मराठी बोलते, लेकीशी अर्धं मराठी, लेक माझ्याशी इंग्रजी. मंडळाच्या गणपतीत मात्र आम्ही नऊवारी नेसून लेझीम खेळतो. फोटो चांगले येतात.

मिरवणूक संपली आणि आईला मावशीची आठवण झाली. वेंगुर्ल्यात मध्यरात्र उलटून गेली होती, पण मावशीला झोप लागत नाही हे आईला माहीत. चौकात, गवतावर, पवनचक्कीकडे पाठ करून तिनं फोन लावला. ती पवनचक्की खरी आहे बरं का, सव्वाशे फुटांच्या आसपास उंच. हॉलंडच्या कारागिरांनी तिकडं घडवली, सुटी करून इकडं आणली, 2002 मध्ये उभी केली, आणि वारा असला की ती खरोखर गहू दळते. पण आईनं कॅमेरा वाफ्यांकडे वळवला.

"फुला खय दिसतत?" मावशीचा आवाज अख्ख्या चौकाला ऐकू गेला. "देठच दिसतत नुसते!"

"फुला गळान गेली," आई त्याहून मोठ्यांदा. "माणसा बघ गो, माणसा! टोपये बघ!"

पाच-सहा माणसांनी वळून पाहिलं. माझी जुनी सवय जागी झाली, आणि "हळू बोल ना गं" हे तोंडावर आलं. पण आलं तिथंच राहिलं. कारण माझ्या डोक्यात ते फर्मान होतं, चर्च, आगगाडी, टेलिफोन. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात हा फोन इथं बेकायदा ठरला असता. आईनं मावशीला कावडी सांगितल्या, खराटे सांगितले, सडा सांगितला, एप्रनच्या चुण्या सांगितल्या, सुनेचं गाऱ्हाणंसुद्धा सांगितलं. वीस मिनिटं. फोलंडामच्या टोपीतल्या दोन पोरी आइस्क्रीम खात तिच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या दृष्टीनं तीही मिरवणुकीतलीच असावी, मागे राहिलेली.

फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, "आमच्या वखारीत रवले ते हेच काय गो?"

हा प्रश्न मला सकाळीच पडायला हवा होता. वेंगुर्ल्यात डच वखार आहे. सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीनं, गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवता यावी म्हणून, तिथं ठाणं केलं होतं. जुन्या मराठी कागदांत त्यांना वलंदेज म्हटलंय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीयांची, यादी आहे, त्यातही ते आहेत, आणि त्यांच्यापासून जपून राहा असंच तिथं बजावलंय. आम्हा मुलांना वखार म्हणजे पडक्या भिंती, भिंतींतून निघालेली झाडं, आणि आत जाऊ नका, सरपटणारी जनावरं असतात. डच म्हणजे काय हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. क्रिकेटचा चेंडू आत गेला की 'वलंदेजाक दिलो' म्हणायचो, एवढंच. ज्यानं बांधली तो गेला, आणि ती वास्तू आपली म्हणून झाडझूड करावी असं आम्हाला कधी वाटलं नाही.

"हे नाही, त्यांचे भाऊबंद," मी म्हटलं. "ते व्यापाराला आलेले. हे राहायला आले."

"म्हणान हेंचो रस्तो स्वच्छ," आई म्हणाली. नंतर तिला स्वतःचंच पटलं नाही बहुधा, कारण ती पुढं म्हणाली की आपल्या दारात तर आपण राहतोच ना.

परत निघायच्या आधी बेकरीच्या रांगेत उभं राहिलो. पाऊण तास. इथली जुनी बेकरी 1898 पासूनची आहे आणि तिथं मिळतात डच लेटर, म्हणजे इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची खुसखुशीत पेस्ट्री, पोटात वाटलेल्या बदामाचं सारण, वर दाणेदार साखर. हॉलंडमध्ये हे अक्षर हिवाळ्यातल्या सेंट निकोलसच्या सणाचं, इथं ते बारमाही झालं. एसच का, असं लेकीनं विचारलं. त्या संताच्या डच नावाचं पहिलं अक्षर म्हणून, असं बऱ्याचदा सांगतात. आईनं एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि निकाल दिला की करंजीच्या पारीला जसं साटं लावतात तसंच इथंही केलंय, पण साजूक तुपाला पर्याय नाही. पलीकडे पेला बलोनी नावाच्या धुरावलेल्या मांसाच्या कड्यांची रांग आणखी मोठी होती. गोमांस असल्यामुळे आम्ही तिकडं गेलो नाही.

एका टपरीवर रंगवलेले लाकडी ट्युलिप होते, हातभर उंचीचे. लेकीनं दोन घेतले, एक स्वतःला आणि एक आजीला. मी म्हणणार होते की घरी अडगळ कशाला. पण म्हटलं नाही.

रात्री दिव्यांची मिरवणूक असते, ती आम्ही टाकली. आईचे पाय दुखत होते आणि तिच्या चपला अजून ओल्या होत्या. मक्याच्या काळ्या, नुकत्या पेरलेल्या शेतांमधून गाडी चाललेली. मागच्या सीटवरून लेकीचा आवाज आला. ती आजीला विचारत होती की त्या काकांनी रस्ता घाण आहे असं खोटं का सांगितलं. फक्त तिनं "का" म्हटलं नाही, "कित्याक" म्हटलं. उच्चार वाईट होता, 'त' अमेरिकन होता. आईनं तो दुरुस्त केला, तीनदा म्हणून घेतला, आणि त्या नादात उत्तर द्यायचं विसरली. मी आरशात बघत होते. मला वाटतं मीही चौथ्यांदा ओठ हलवले.

जुलैच्या शेवटी आई परत गेली. बॅगेत बदामाची पाकिटं, मावशीला स्वेटर, आणि जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला लाल लाकडी ट्युलिप. घरी पोचल्यावर तिनं तो अंगणात तुळशीजवळ रोवला आणि फोटो पाठवला. कोकणातला पाऊस त्या टपरीवाल्यानं मोजलेला नव्हता. पंधरा दिवसांत लाल रंग ओघळून खालची चिऱ्याची पायरी गुलाबी झाली, आणि उरलं ते पांढुरकं लाकूड. आईला ते काही सहन झालं नाही. चतुर्थी जवळ आलेली, आळीतल्या गणपतीच्या शाळेत रंगकाम जोरात. ती ट्युलिप घेऊन तिथं गेली. मूर्तिकाराला फुरसत नव्हती आणि लाल रंगही संपत आला होता, म्हणून त्यानं हातात होता त्याच डब्यातला रंग फासून दिला.

आता तो पिवळा आहे, पितांबराचा पिवळा.